पोळीचं वजन

कर्वेनगरात, कमिन्स कॉलेजच्या मागच्या गल्लीत
माझं पोळी-भाजी केंद्र.
रोजच्या दोनशे चाळीस पोळ्या,
चतुर्थीला कमी, रविवारी शटर बंद.

ऋत्विज म्हणून एक मुलगा येतो, हिंजवडीला जातो कामाला.
परवा त्याने काउंटरवर छोटा काटा ठेवला,
सोनाराकडे असतो तसा,
म्हणाला, मावशी, एका पोळीत कॅलरी किती?
मी म्हटलं, बाळा, कुणाच्या पोळीत?

छबूची भरली अडतीस ग्रॅम.
सिंधूची सत्तेचाळीस.
आणि घरी वाजलं असेल त्या दिवशी
छबूचीच तिसावर येते,
पलीकडचा कर्वे पुतळा दिसावा इतकी पातळ.
त्याच्या फोनात मात्र एकच ओळ:
पोळी, एक, एकशे चार.

हसू नये खरं तर.
देवस्थळी सर मोजतात तेव्हा मी हसत नाही.
दोन पोळ्या, वाटीभर वरण, भात नाही,
आधी पोटात सुई, मग ताट.
एकदा अंदाज चुकला आणि आमच्याच पायरीवर बसले,
घामाने निथळत, माझं नाव आठवेना.
मी डब्यातली साखर चारली, चमचे न मोजता.
त्यांना आकडा म्हणजे जिन्याचा कठडा,
धरून उतरायचं.
ऋत्विज सपाट रस्त्यावरही कठडा शोधतो.

तरी त्याचं एक ऐकलं.
दुधाच्या हिशोबाची जुनी वही काढली,
आठवडाभर तोंडात जाईल ते लिहायचं.
सोमवार:
चहा, साडेपाचचा. चहा, आठचा. चहा, गॅसवाला आला तेव्हाचा.
दाण्याच्या कुटाची चिमूट. खोडून, मूठ.
मीठ बघायला तळहातावर आमटी,
तिखट झालं का म्हणून अळूचं फदफदं, दोनदा.
करपली म्हणून कुणाला देता न आलेली पोळी,
गूळ लावून, तव्यापाशी.
जेवण: रेघ.

मंगळवारी जेवणापुढे रेघ.
बुधवारीही.
सिंधूने विचारलं, ताई, कुणाची उधारी लिहिताय?
मला पटकन उत्तर सुचलं नाही.

शनिवारी ऋत्विजने बेरीज करून दिली.
सतराशे दहा. एकदम बरोबर, मावशी,
बघा, हिरवं दाखवतंय.
हिरवं!
बसून खाल्लं की उभ्याने,
गरम की गार,
आणि वाढलं कुणी,
असा रकानाच नव्हता त्यात.

तेल मात्र कमी केलं, खोटं कशाला बोलू.
चमच्याने मोजलं तेव्हा कळलं,
भाजीवरचा तवंग चवीसाठी नव्हता,
माझ्या हाताची खोड होती.
तोंडलीची भाजी आता तशीच खपते,
एका कुळकर्णीबाईंनी तेवढी तक्रार केली,
पण त्या पिशवीच्या गाठीचीही करतात.

काल अडीच वाजता शटर अर्धं ओढलं.
पिठाच्या रिकाम्या गोणी अंथरल्या,
तिघी बसलो, मांडी घालून.
छबूने वाढलं.
गुडघा कुरकुरला, सवय नव्हती त्याला या वेळी वाकायची.
कांदा फोडला, बुक्कीने.

तेवढ्यात शटरखालून ऋत्विज वाकला,
घरूनच काम चालू होतं, मीटिंग लांबली,
काही उरलंय का?
ये, म्हटलं, चपला तिथेच काढ.
त्याने खिशातला काटा काढला, इकडेतिकडे पाहिलं,
मी लिंबांच्या टोपलीकडे बोट दाखवलं,
तिथे ठेवला.

ताटात पोळी पडली.
फोनकडे हात गेला त्याचा, सवयीने,
मग थांबून विचारलं, ही कुणाची?
सिंधू म्हणाली, माझी.
सत्तेचाळीस, तो म्हणाला,
आणि तुकडा मोडला.